मुक्कामी गाडीची वीज : बॅटरीपेक्षा भरपाईचा हिशेब महत्त्वाचा

कोल्हापूर - शहरातून पश्चिमेकडे निघालेले वाहन दीड-दोन तासांत सह्याद्रीच्या कड्यावर पोहोचते. गगनबावडा जेमतेम ५५ किलोमीटरवर आहे. राधानगरी, दाजीपूर, पाटगाव, आंबोली ही ठिकाणेही सकाळी निघून दुपारच्या जेवणापर्यंत गाठता येतात. साहजिकच हॉटेलच्या खोलीऐवजी स्वतःच्या गाडीतच मुक्काम करण्याची हौस येथे रुजू लागली आहे. राज्य शासनाने २०२१ मध्ये कारवाँ पर्यटनाचे स्वतंत्र धोरण जाहीर केल्यानंतर या हौसेला अधिकृत नावही मिळाले. कोणी थार किंवा गुरखासारख्या चारही चाकांना जोर असणाऱ्या गाडीच्या मागील भागात झोपण्याची फळी बसवतो, कोणी ट्रॅव्हलरच्या सांगाड्यात छोटेखानी घर उभे करतो. गाद्या, पाण्याची टाकी, शेगडी या गोष्टी गावातील सुतार आणि फॅब्रिकेटर सहज करून देतात. अडते ते विजेपाशी.

दिवे, पंखा, लहान फ्रीज, मोबाइल आणि लॅपटॉप एवढीच मागणी असली, तरी ती पुरवणारी यंत्रणा घरातील इन्व्हर्टरची धाकटी आवृत्ती नव्हे. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत कोल्हापूर परिसरातील घराघरांत इन्व्हर्टर आणि मोठ्या ट्युब्युलर बॅटऱ्या आल्या. त्यामुळे बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालणे, तिचे पाणी तपासणे हे ज्ञान बहुतेकांना आहे. मात्र त्याच अनुभवातून ‘बॅटरी जितकी मोठी तितकी सोय’ असा समजही रुजला. घरी लाइट आली की बॅटरी आपोआप भरते. दाजीपूरच्या जंगलाच्या कडेला उभ्या असलेल्या गाडीत ती कोण भरणार, हा प्रश्न आहे. त्यातच या भागातील भटकंतीचा मुख्य हंगाम म्हणजे पावसाळा, आणि तेव्हा सूर्यदर्शन दुर्मिळ. म्हणूनच येथे बॅटरीच्या आकारापेक्षा ती रोज किती आणि कशाने भरून निघणार, याचा हिशेब आधी मांडावा लागतो.

दोन बॅटऱ्या, दोन कामे

गाडीत मुळातच एक बॅटरी असते. तिचे काम काही सेकंदांसाठी प्रचंड प्रवाह देऊन इंजिन चालू करणे, एवढेच. तिच्या शिशाच्या पट्ट्या पातळ असतात आणि वारंवार निम्म्याहून खाली उतरवल्यास ती काही महिन्यांतच निकामी होते. रात्रभर पंखा आणि फ्रीज याच बॅटरीवर चालवला, तर सकाळी स्टार्टर केवळ खट्खट् आवाज करतो. शहरात अशा वेळी शेजारच्या गाडीवरून जम्प घेता येतो. पाटगावच्या पुढे रांगण्याच्या वाटेवर, जेथे मोबाइलची रेंजही बेभरवशाची, तेथे ही चूक दिवसभराची पायपीट घडवते.

यासाठी मुक्कामाच्या वापराची बॅटरी पूर्णपणे वेगळी ठेवणे हा पहिला नियम होय. दोन्ही बॅटऱ्या एकमेकींशी थेट जोडायच्या नाहीत. गाडीला चिखलातून ओढून काढणारी विंच मात्र मूळ बॅटरीवरच ठेवावी. ती भाराखाली तीनशे-चारशे अँपिअर प्रवाह खेचते, आणि मुक्कामाच्या लिथियम बॅटरीचे संरक्षक सर्किट एवढ्या मागणीला तत्काळ बंद पडते.

वापराची जमाखर्च वही

बॅटरी विकत घेण्यापूर्वी एक कागद घेऊन प्रत्येक उपकरणाचे वॅट आणि वापराचे तास यांचा गुणाकार करावा. येणारे उत्तर वॅट-तासांत असते. असे १००० वॅट-तास म्हणजे महावितरणच्या बिलातील एक युनिट. दोन व्यक्तींच्या साध्या मुक्कामाचे उदाहरण घेऊ. पाच वॅटचे तीन एलईडी दिवे चार तास म्हणजे ६०. छताचा २५ वॅटचा पंखा आठ तास म्हणजे २००. बारा व्होल्टवर चालणारा, कॉम्प्रेसर असलेला लहान फ्रीज सुमारे ५० वॅट घेतो. पण तो सतत चालत नाही, दिवसाच्या साधारण ४० टक्के वेळ चालतो, म्हणून ४८०. दोन मोबाइल ३०, लॅपटॉप दोन तास १२०, पाण्याचा पंप पाव तास १२. बेरीज सुमारे ९०० वॅट-तास, म्हणजे एका युनिटाहूनही कमी. १२.८ व्होल्टच्या बॅटरीत हे सुमारे ७० अँपिअर-तास होतात.

या यादीतील निम्म्याहून अधिक वाटा एकट्या फ्रीजचा आहे, हे ध्यानात घेण्यासारखे. दोन दिवसांच्या सहलीला बर्फाची पेटी पुरत असेल, तर सगळी यंत्रणाच निम्म्याने लहान होते. दुसरा छुपा ग्राहक म्हणजे खुद्द इन्व्हर्टर. काहीही जोडलेले नसताना नुसता चालू ठेवलेला इन्व्हर्टर दहा ते वीस वॅट खातो. पंधरा वॅट धरले तरी चोवीस तासांत ३६० वॅट-तास होतात, म्हणजे पंखा आणि दिवे यांच्या एकत्रित वापरापेक्षा जास्त. शक्य तेवढी उपकरणे थेट बारा व्होल्टवर चालवावीत आणि इन्व्हर्टर कामापुरताच चालू करावा, असा सल्ला जाणकार देतात तो यामुळेच.

स्वयंपाकाचा विषय निघाला की इंडक्शन शेगडीचा मोह होतो. १८०० वॅटची शेगडी बारा व्होल्टच्या बॅटरीतून जवळपास १६० अँपिअर खेचते. शंभर अँपिअर-तासाच्या बहुतेक बॅटऱ्यांना हा प्रवाह झेपतच नाही. चहाचे आधण १००० वॅटवर निभेल. पण तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचे मटण तासभर शिजवायचे, तर एका बॅटरीची सगळी पुंजी त्यातच संपेल. तेथे गॅसची शेगडीच हवी, आणि तीही शक्यतो गाडीच्या बाहेर. वातानुकूलन यंत्राची गोष्ट त्याहून पुढची. एका टनाचे यंत्र रात्रभरात पाच-सहा युनिटे सहज घेते, म्हणजे पाच बॅटऱ्या. गगनबावड्याच्या रात्री त्याची गरजही पडत नाही.

शिसे की लिथियम?

शिसे-आम्ल बॅटरी फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केली आणि आजही जगातील बहुतेक गाड्या तिच्यावर चालू होतात. घरातील इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची ट्युब्युलर बॅटरी याच घराण्यातील. आम्लासह तिचे वजन साठ किलोच्या आसपास भरते. आयुष्य टिकवायचे तर तिच्यातील निम्मीच वीज वापरावी लागते, म्हणजे हाती सुमारे ९०० वॅट-तास. खडतर वाटेवर तिचे आम्ल हिंदकळते, धक्क्यांनी पट्ट्यांवरील लेप झडतो आणि चार्जिंगच्या वेळी ती हायड्रोजन वायू सोडते. बंद गाडीत माणसे झोपली असताना हा ज्वालाग्राही वायू साचू देणे धोक्याचे आहे. अशी बॅटरी वापरायचीच झाल्यास ती राहण्याच्या जागेपासून वेगळ्या, बाहेर हवा जाणाऱ्या पेटीत हवी. बंदिस्त, देखभालमुक्त शिसे-बॅटरीत आम्ल सांडत नाही, मात्र वजन आणि निम्म्या वापराची मर्यादा तीच.

अलीकडे पसंती मिळते आहे ती लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकाराला. या पदार्थाचा बॅटरीसाठीचा उपयोग अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत पुढे आला. १९९७ च्या त्या शोधनिबंधाच्या लेखकांत अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंदस्वामी ही दोन भारतीय नावे आहेत, ही बाब आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसते. गुडइनफ यांना लिथियम बॅटरीवरील कार्यासाठी २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. या प्रकारच्या १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १२८० वॅट-तास मावतात, त्यातील ८० ते ९० टक्के बिनदिक्कत वापरता येतात, वजन बारा किलोच्या आसपास असते आणि दोन हजारांहून अधिक वेळा ती रिकामी करून भरता येते. किंमत शिशाच्या बॅटरीच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक असली, तरी आयुष्याचा विचार करता ती महाग पडत नाही.

‘लिथियम’ या शब्दाने अनेकांच्या मनात धडकी भरते. २०२२ मध्ये पुण्यासह देशात अनेक ठिकाणी विद्युत दुचाकींनी पेट घेतला, त्याच्या आठवणी ताज्या आहेत. सर्व लिथियम बॅटऱ्या मात्र एका जातीच्या नसतात. निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकाराच्या तुलनेत आयर्न फॉस्फेटची रचना उष्णतेत बरीच स्थिर असते. ती पेटतच नाही असे मात्र कोणी सांगत असेल, तर विश्वास ठेवू नये. मोडीतल्या गाड्यांतून काढलेले सेल जुळवून स्वस्तात पॅक बनवून देणाऱ्यांपासून दूर राहिलेले बरे. प्रत्येक सेलवर नजर ठेवणारे संरक्षक सर्किट, ज्याला बीएमएस म्हणतात, ते बॅटरीत असलेच पाहिजे. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीचे तापमान पन्नास अंशांच्या पुढे जाते, म्हणून बॅटरीची जागा सावलीतील आणि हवेशीर असावी. उलट स्पिती किंवा लडाखकडे निघणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, की शून्य अंशाखाली ही बॅटरी वीज देते, पण भरून घेत नाही. बळेच चार्ज केल्यास सेल कायमचे बिघडतात. चांगले बीएमएस अशा थंडीत चार्जिंग स्वतःहून रोखते.

लिथियमची आणखी एक खोड. शिशाच्या बॅटरीचे व्होल्ट मोजले की ती किती भरली आहे ते कळते, विश्रांतीत १२.७ म्हणजे पूर्ण, १२.२ म्हणजे निम्मी. आयर्न फॉस्फेटचे व्होल्ट बहुतांश काळ १३ च्या थोडे वर स्थिर राहतात आणि अखेरीस एकदम कोसळतात. त्यामुळे आत-बाहेर जाणारा प्रवाह मोजणारे, शंटवर चालणारे मीटर बसवावे. त्याशिवाय चालकाला अंधारात चाचपडावे लागते.

इंजिनकडून मिळणारी वीज

भरपाईचे तीन मार्ग आहेत : चालत्या गाडीचा अल्टरनेटर, छतावरील सौर पॅनेल आणि मुक्कामाच्या ठिकाणी मिळणारी घरगुती वीज. कोल्हापूरच्या परिस्थितीत पहिला मार्ग सर्वात भरवशाचा आहे.

पूर्वी दोन बॅटऱ्यांमध्ये एक रिले टाकून काम भागवले जाई. इंजिन चालू झाले की रिले दोन्ही बॅटऱ्या जोडायचा. लिथियम बॅटरी आणि नव्या गाड्या यांच्या जोडीत ही युक्ती अंगलट येते. लिथियम बॅटरीचा अंतर्गत अवरोध इतका कमी असतो, की रिकामी असताना ती अल्टरनेटरकडून मिळेल तेवढा प्रवाह ओढते. घाटात कमी वेगाने चढताना अल्टरनेटरला पुरेशी थंड हवा मिळत नाही आणि त्याची गुंडाळी तापून जळते. शिवाय बॅटरी भरल्यावर बीएमएसने अचानक जोड तोडली, तर उसळलेल्या व्होल्टेजने अल्टरनेटरचे डायोड उडू शकतात. एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानक लागू झाल्यानंतरच्या अनेक गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी अल्टरनेटरचे व्होल्टेज संगणक कमी-जास्त करतो. अशा गाडीत रिलेवरची बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही.

या सर्वांवर उपाय म्हणजे डीसी-टू-डीसी चार्जर. हा मधला यंत्रभाग अल्टरनेटरकडून ठरावीक प्रवाहच घेतो आणि बॅटरीला हवे तेच, म्हणजे १४.२ ते १४.६ च्या दरम्यानचे व्होल्टेज देतो. पंचवीस अँपिअरचा चार्जर तासाला सुमारे ३४० वॅट-तास भरतो. कोल्हापूर ते गगनबावडा या दीड तासाच्या प्रवासात ५०० वॅट-तास, म्हणजे वर मांडलेल्या दिवसाच्या गरजेच्या निम्म्याहून थोडे अधिक. थार, गुरखा, ट्रॅव्हलर यांची मूळ यंत्रणा बारा व्होल्टची आहे. ट्रक किंवा मोठ्या बसच्या सांगाड्यावर घर उभारणाऱ्यांनी ती चोवीस व्होल्टची आहे का, हे आधी पाहावे आणि चार्जर त्यानुसार घ्यावा.

गाडी उभी ठेवून बॅटरी भरण्यासाठी रात्री इंजिन चालू ठेवणे मात्र कटाक्षाने टाळावे. मंद गतीवर अल्टरनेटर फारशी वीज देत नाही, डिझेल जळते, आणि धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन वायू बंद गाडीत झोपलेल्यांचा जीव घेऊ शकतो. गाडीलगत ठेवलेल्या पेट्रोल जनरेटरलाही हेच लागू आहे. दाजीपूरसारख्या अभयारण्याच्या परिसरात तर जनरेटरचा गोंगाट गव्यांनाही नको आणि वन विभागालाही. अभयारण्यात परवानगीशिवाय रात्री थांबता येत नाही, हेही येथेच सांगितलेले बरे.

छतावरचा सूर्य आणि घाटातला ढग

सौर पॅनेलच्या जाहिरातीत लिहिलेले वॅट प्रयोगशाळेतील असतात. कोल्हापूर १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्यामुळे छतावर आडव्या बसवलेल्या पॅनेलचे येथे फारसे नुकसान होत नाही; युरोपातील गाड्यांप्रमाणे ते तिरपे करण्याचा खटाटोप डिसेंबर-जानेवारीपुरताच उपयोगी. ऑगस्टमधला डोक्यावरचा सूर्य सहसा ढगांआडच असतो, हा भाग निराळा.

उष्णतेचा फटका मात्र मोठा असतो. पेशींचे तापमान २५ अंशांपेक्षा जितके वाढेल, तितक्या प्रत्येक अंशाला पॅनेलची क्षमता साधारण ०.३५ ते ०.४ टक्के घटते. उन्हाळ्यात पत्र्याच्या छतावरील पॅनेल साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापते. म्हणजे तेरा ते पंधरा टक्के वीज केवळ तापण्यात जाते. पॅनेल आणि छत यांत चार-पाच सेंटीमीटरची हवेशीर फट ठेवणे म्हणूनच गरजेचे आहे. छताला चिकटवायची लवचिक पॅनेले दिसायला आकर्षक, पण तापून लवकर खराब होतात. पॅनेल आणि बॅटरी यांमध्ये एमपीपीटी प्रकारचा नियंत्रक घ्यावा. स्वस्तातला पीडब्ल्यूएम नियंत्रक पॅनेलचे जादा व्होल्टेज वाया घालवतो.

हे सारे जमेस धरून २०० वॅटचे पॅनेल मार्च-एप्रिलमध्ये मोकळ्या माळावर दिवसाला अंदाजे ७०० ते ८५० वॅट-तास देईल. म्हणजे दिवसाची गरज जवळजवळ भागते. जुलैमध्ये हाच आकडा २५०-३०० वर येतो, आणि झाडीखाली गाडी लावली तर शंभरही कठीण. कोल्हापूर शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अवघ्या ५५ किलोमीटरवरील गगनबावड्यात तो त्याच्या कित्येक पट असतो. शहरात ऊन पाहून केलेला अंदाज त्यामुळे घाटमाथ्यावर सपशेल चुकतो.

उदाहरणातील गाडी पावसाळ्यात भरलेल्या बॅटरीने गगनबावड्याला पोहोचली, असे समजू. रोजचा खर्च ९००, सौर जमा ३००, तूट ६००. वापरण्याजोगे ११०० वॅट-तास हाताशी असताना दोन मुक्काम कसेबसे निभतात. तिसऱ्या दिवशी गाडी तास-दीड तास हलवावीच लागते. दुसरी बॅटरी घेतली तर हाच हिशेब आणखी दोन दिवस पुढे ढकलला जातो, मिटत नाही. याउलट पंचवीसऐवजी चाळीस अँपिअरचा चार्जर, अल्टरनेटरला झेपत असल्यास, तेवढ्याच प्रवासात दीडपटीहून अधिक वीज देतो. खर्चाचा पहिला रुपया कोठे टाकावा, हे यावरून ठरवता येईल.

रिसॉर्ट किंवा कारवाँ तळावर घरगुती वीज मिळत असेल, तर लिथियमला योग्य असा वेगळा चार्जर जवळ ठेवावा. घरातील जुन्या इन्व्हर्टरचा चार्जर वापरू नये. त्यातील काही प्रकार शिशाच्या पट्ट्या साफ करण्यासाठी मधूनच पंधरा व्होल्टच्या पुढे जातात आणि ते लिथियमला सोसत नाही. बाहेरून घेतलेल्या २३० व्होल्टच्या जोडावर ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी अनिवार्य समजावा. ओल्या गवतात उभे राहून पत्र्याच्या गाडीला हात लावणाऱ्या माणसाच्या जिवाचा तो प्रश्न आहे.

आग लागते ती तारेत

बारा व्होल्टचा शॉक बसत नाही, म्हणून या वायरिंगकडे हलगर्जीपणे पाहिले जाते. प्रत्यक्षात धोका व्होल्टचा नसून अँपिअरचा आहे. हजार वॅटचा इन्व्हर्टर २३० व्होल्टच्या बाजूला साडेचार अँपिअरच्या आत काम करतो, पण बॅटरीच्या बाजूने तो सुमारे ९५ अँपिअर घेतो. घरगुती वायरिंगची तार येथे लावली, तर ती हीटरच्या कॉइलसारखी तापते. अशा इन्व्हर्टरला दीड-दोन मीटरच्या आत, किमान ३५ चौरस मिलिमीटर जाडीची, बहुतारी तांब्याची केबल लागते.

लहान उपकरणांतही जाडीला महत्त्व आहे. बॅटरीपासून पाच मीटरवर असलेल्या फ्रीजसाठी जाण्या-येण्याची मिळून दहा मीटर तार होते. ती अडीच चौरस मिलिमीटरची असेल आणि दहा अँपिअर प्रवाह असेल, तर वाटेतच ०.७ व्होल्ट गळतात. सहा चौरस मिलिमीटरची घेतल्यास ही गळती ०.३ च्या आत येते. ‘बॅटरी भरलेली असूनही फ्रीज बंद पडतो’ या नेहमीच्या तक्रारीचे मूळ बहुधा बारीक तारेत सापडते. फ्रीजला मिळणारे व्होल्टेज कमी पडते आणि त्याचे संरक्षण त्याला बंद करते.

फ्यूज हा या यंत्रणेतील सर्वात स्वस्त आणि सर्वाधिक दुर्लक्षित भाग. लिथियम बॅटरीची दोन टोके अपघाताने जुळली, तर हजारो अँपिअर प्रवाह क्षणात वाहू शकतो. मुख्य फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरातच असावा. फ्यूज दोन मीटर दूर ठेवला तर मधली दोन मीटर तार असंरक्षित राहते. गाडीची मूळ बॅटरी आणि मुक्कामाची बॅटरी यांना जोडणाऱ्या तारेला दोन्ही टोकांना फ्यूज हवेत, कारण तिच्या दोन्ही बाजूंना विजेचा साठा आहे. हा मुद्दा अनुभवी वायरमनकडूनही निसटतो. फ्यूजचा आकडा उपकरणावरून नव्हे, तर तारेच्या क्षमतेवरून ठरतो. घरातील साधा एमसीबी येथे चालत नाही; एकदिश प्रवाहात पडलेली ठिणगी घरच्या प्रवाहासारखी क्षणोक्षणी शून्यावर येत नाही, ती पेटत राहते. त्यासाठी डीसी वापराचे शिक्के असलेलीच साधने घ्यावीत.

जोडणीही तितकीच मोलाची. पक्कडीने दाबलेले लग काही महिन्यांच्या धक्क्यांनंतर सैल होतात, सैल जोड तापतो आणि तापलेला जोड आणखी सैल होतो. हायड्रॉलिक क्रिम्पिंग यंत्राने दाबलेले, कथिल चढवलेले तांब्याचे लग आणि त्यावर उष्णतेने आवळणारी नळी हा योग्य मार्ग. पत्र्याच्या भोकातून तार जाते तेथे रबरी ग्रोमेट हवाच. अन्यथा खडकाळ वाट त्या पत्र्याची करवत करते.

बसवणी आणि पुराचे पाणी

शिवाजी उद्यमनगरातील कोणताही फॅब्रिकेटर बॅटरीसाठी लोखंडी अँगलची चौकट तासाभरात करून देईल. ती कोठे आणि कशाला आवळायची, हे मात्र मालकाने सांगावे लागते. जोराच्या धडकेत वस्तूवर तिच्या वजनाच्या वीस पट बल येऊ शकते असे धरले, तर बारा किलोच्या बॅटरीसाठी ते २४० किलो आणि साठ किलोच्या बॅटरीसाठी बाराशे किलो होते. प्लायवूडच्या फळीत मारलेले स्क्रू हे बल पेलणार नाहीत. चौकट पत्र्याखाली पट्टी देऊन नटबोल्टने, किंवा थेट चासीशी आवळावी. नट नायलॉक प्रकारचे असावेत आणि पहिल्या खडतर सहलीनंतर सगळे पुन्हा तपासावेत.

बॅटरी थेट गाडीच्या तळावर ठेवण्याची पद्धत आहे. वजन खाली राहिल्याने गाडी स्थिर राहते. मात्र ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्ग अनेक दिवस बंद पाडला आणि कित्येक वाहने रस्त्यातच अडकून पडली, हे कोल्हापूरकरांना विसरता येणार नाही. ओढे पार करणाऱ्या गाडीत पाणी पायाखाली येणे ही तर नित्याची बाब. म्हणून बॅटरी आणि चार्जर तळापासून किमान वीतभर उंच ठेवावेत. पाण्यात बुडालेली लिथियम बॅटरी वाळवून पुन्हा वापरू नये. तिच्यातील बिघाड कित्येक दिवसांनीही उफाळू शकतो. पुरात अडकलेल्यांच्या अनुभवातून दुसरीही बाजू दिसली. वीजपुरवठा खंडित झालेल्या गावांत मोबाइल चार्ज करून देणारी कोणतीही गाडी तेव्हा मोलाची ठरली, आणि मुक्कामी गाडी हे काम आठवडाभर करू शकते.

कायद्याची चौकट

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाचे मूळ स्वरूप बदलेल अशी रचनेतील दुरुस्ती परवानगीविना करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा कडक अर्थ लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्ती कायद्याने नियमबाह्य फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. उचलून बाहेर काढता येणारी बॅटरीची पेटी आणि कायमचे उंचावलेले छत यांत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. आसने काढणे, पलंग कायमचा जोडणे, छत कापणे असे काही करायचे असेल, तर कामाला हात लावण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी. मोटार कारवाँसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. व्यावसायिक तत्त्वावर गाड्या बांधून देणाऱ्याकडे त्यानुसार मान्यता आहे का, हे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण हक्क आहे. विमा कंपनीलाही यंत्रणेची लेखी माहिती द्यावी. न कळवलेल्या वायरिंगमुळे आग लागली असे आढळल्यास दावा नाकारला जाण्याची शक्यता असते.

सहलींच्या मधल्या काळात लिथियम बॅटरी पूर्ण भरून ठेवू नये. निम्म्याच्या आसपास भरलेली, मुख्य खटका बंद करून ठेवलेली बॅटरी अधिक टिकते. शिशाच्या बॅटरीचे नेमके उलट, ती नेहमी भरलेलीच हवी. वायरिंगचा आराखडा, फ्यूजचे आकडे आणि त्यांच्या जागा एका कागदावर काढून तो पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवावा. आडगावच्या मेस्त्रीला तोच नकाशा ठरतो. जुनी शिशाची बॅटरी दुकानदार वजनावर परत घेतो. निकामी लिथियम बॅटरीला मोडीत भाव नसल्याने ती भंगारात किंवा कचऱ्यात फेकली जाण्याचा धोका असतो. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ नुसार ती गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, तेव्हा ती परत कोठे द्यायची हे खरेदीच्या वेळीच विक्रेत्याकडून पावतीवर लिहून घ्यावे.